तुटीचा धनी कोण?



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते सकाळी इतिहास शिकवत आणि दुपारी महाविद्यालयाच्या खतावणीवर वाकून बसत. सकाळी पेशवाईचे कर्ज, दुपारी स्वतःच्या संस्थेचे. त्यामुळे आजचा विषय त्यांना परका वाटला नसता. लहान ख्रिस्ती महाविद्यालय कशासाठी असते आणि त्याचा खर्च कोण भागवते, यावर मला बोलायचे आहे. ध्येयावर आपल्याकडे भाषणांची उणीव नाही, स्थापनादिनाला तर ती हमखास होतात. खर्चाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. एखाद्या संस्थेचे ध्येय काय आहे हे मला तिच्या माहितीपत्रकापेक्षा पगारपत्रकावरून लवकर कळते.

लहान महाविद्यालयाचे गणित सोपे आणि निर्दयी असते. विद्यार्थी थोडे असले तरी ग्रंथालय लागते, प्रत्येक विषयाला शिक्षक लागतो, वसतिगृहाला स्वयंपाकी आणि रात्रपाळीचा रखवालदार लागतो. फी वाढवावी तर ज्यांच्यासाठी संस्था काढली तीच मुले दाराबाहेर राहतात. फी वाढवली नाही तर वर्षअखेर तूट येते. ही तूट कधीच हवेत विरत नाही, ती कोणीतरी भरून काढत असतो. कोण भरतो, त्याला ते ठाऊक असते का, आणि त्याने त्याला होकार दिलेला असतो का, एवढेच तीन प्रश्न घेऊन मी आज इथे उभा आहे.

पुण्यात अशा संस्थांची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती मूळची यवतमाळची. १९५३ साली तिथे सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. नगर रस्त्यावर रामवाडीला ज्ञानदीप विद्यापीठ आहे. त्याचा उगम १८९३ साली श्रीलंकेतल्या कँडीत निघालेल्या पोपच्या सेमिनरीत, आणि पुण्यात ते १९५५ साली आले. औंध रस्त्यावरचे ॲडव्हेंटिस्ट मंडळींचे स्पायसर महाविद्यालय १९१५ मध्ये कोइमतूरला निघाले, मग बंगळूरला गेले आणि १९४२ मध्ये इथे स्थिरावले. तिन्ही बाहेरून आलेल्या. पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणतात. या तिघींना ते सासर म्हणून लाभले असे फार तर म्हणता येईल. पुणेकरांना त्यांच्या भिंती ठाऊक आहेत, आतले फारसे ठाऊक नाही.

बिबवेवाडीच्या सेमिनरीची पदवी बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटची असते. सेरामपूरचे महाविद्यालय १८१८ साली विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी काढले. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने दिली. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली, संस्कृत आणि आपली मराठी शिकवत असे. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले. त्या नोकरीच्या पगारातला फार मोठा भाग तो घरी नेत नसे, सेरामपूरच्या सामाईक खजिन्यात टाकी. मार्शमन दांपत्याच्या शाळांची मिळकत आणि वॉर्डच्या छापखान्याची कमाई तिथेच जात असे. कंपनीच्या साहेबांना मराठी शिकवून मिळालेले काही रुपये त्या इमारतीच्या विटांत आहेत, हे नगर-सोलापूरकडून पदवीसाठी येणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. तिघांनी स्वतःच्या कमाईने मिळकत उभी केली. पुढे लंडनच्या बॅप्टिस्ट सोसायटीने ती कोणाच्या नावावर असावी हा प्रश्न काढला, पत्रापत्री वर्षानुवर्षे चालली आणि १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. म्हणजे ज्या वर्षी राजाची सनद मिळाली, त्याच वर्षी पाठीराखे गेले. मुंबईतही असेच घडले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. मुंबईतला मिशनरी जॉन विल्सन आणि त्याचे सहकारी नव्या फ्री चर्चच्या बाजूने उभे राहिले, आणि मुंबईच्या त्यांच्या शाळेची इमारत व साधने जुन्या चर्चकडे राहिली. भांडण एडिंबराचे, बाकडी गेली मुंबईच्या पोरांची. दूरच्या दात्यावर चालणाऱ्या संस्थेला दात्याच्या घरची भांडणेही पोसावी लागतात.

आता पुण्याच्या घरात घडलेल्या गोष्टीकडे येतो. ती महाविद्यालयाची नाही, शाळेची आहे. पण ध्येय आणि देणगी यांचा असा उघडा खटला आपल्या शहरात दुसरा झाला नाही, म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घेतो.

पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत गेल्या आणि तिथेच थांबून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि वर्ष संपता संपता बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावी रमाबाई सर्कल निघाली, सभासदांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे कबूल केले. अट अशी की शाळा कोणत्याही पंथाची असणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि ते त्यांनी लपवले नव्हते. पण शाळेत उच्चवर्णीय हिंदू विधवा येणार, त्यांच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असा तो करार होता. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळात बसले. मागे लोकमान्यांचा केसरी डोळ्यांत तेल घालून पाहत होता.

रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. यायचे त्या मुली येऊन बसत. एवढीच गोष्ट, आणि एवढ्यावरून १८९३ मध्ये पुणे पेटले. बोलावले नाही हे खरे आणि दार बंद केले नाही हेही खरे. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनच्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या अध्यक्षा अँड्रूज बाई सारे डोळ्यांनी पाहायला पुण्यात येऊन गेल्या आणि दात्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

माझे मत विचाराल तर रमाबाईंनी कोणालाही फसवले नाही. पण तिथे तीन पक्ष होते आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींना होकार दिलेला होता. बोस्टनच्या दात्यांना निधर्मी शाळा मान्य होती, आणि मुख्याध्यापिकेच्या खाजगी प्रार्थनेत त्यांना गैर काही दिसत नव्हते. पुण्याच्या पालकांनी मुलगी शिकून येईल याला होकार दिला होता, ती दुसऱ्या देवाच्या घरात डोकावेल याला नव्हे. आणि रमाबाईंनी शाळेला होकार दिला होता, स्वतःच्या श्रद्धेला कुलूप लावण्याला नव्हे. करारपत्रात हे तिन्ही होकार एकच आहेत असे धरले होते. पैशाचा एक आणाही कुठे गेला नव्हता, हिशेब चोख होता, तरी संस्था हादरली.

यातून पुण्याचा फायदाही झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. शारदा सदनातल्या गोदूबाई या विधवा विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्व्यांनी ११ मार्च १८९३ ला लग्न केले.    १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. ज्या पालकांचा शारदा सदनावरचा विश्वास उडाला होता, त्यांना तिथे मुलगी ठेवायला हरकत वाटली नाही. कर्वे दारोदार फिरत, आण्याची वर्गणीही घेत आणि पावती देत.

रमाबाईंनी मधल्या काळात केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. हेतू असा की फळबाग लावावी आणि बोस्टनची दहा वर्षे संपल्यावर शाळेने आपल्या पायांवर उभे राहावे. हे मला फार शहाणपणाचे वाटते. आजच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या नियामक मंडळाने तो ठराव काढून वाचावा. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आला. फळबागेच्या जागी मुक्ती मिशन उभे राहिले आणि १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून अधिक मुली-बायका होत्या. १८९८ मध्ये जुनी असोसिएशन संपली आणि नवी निघाली. केडगावची पाटी उघड ख्रिस्ती होती. तिथे कोणालाही कसला संशय यायचे कारण नव्हते, देणाराही जाणून देत होता आणि येणारीही जाणून येत होती. किंमत मात्र पुण्याने मोजली. शहरातली एक चांगली शाळा साठ किलोमीटर दूर गेली.

याच काळात याच शहरात एका अगदी वेगळ्या मंडळाने तुटीचा प्रश्न कसा सोडवला तेही पाहावे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे. तिथे आजीव सदस्याने वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर शिकवायचे असा नियम होता. सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला त्याच्या कितीतरी पट मिळत असे. म्हणजे गोखले, आगरकर, कर्वे हे शिक्षक होते तसेच संस्थेचे सर्वांत मोठे देणगीदारही होते, फक्त त्यांची नावे संगमरवरावर नाहीत. गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी देणगी दिली आणि नाव लागले. एका आजीव सदस्याने वीस वर्षांत सोडलेला पगार मोजला तर त्या देणगीला लाज वाटावी. पण त्या सदस्यांनी हे जाणून, सही करून स्वीकारले होते. ज्यांना अटी पटेनात, त्यांनी भांडून बाहेर पडण्याचा हक्क बजावला. १८९० मध्ये टिळक बाहेर पडले ते बाहेरची कमाई आणि वेतनातली समानता याच वादातून.

ख्रिस्ती संस्थांत हीच व्यवस्था व्रताच्या रूपाने आली. दारिद्र्याचे व्रत घेतलेली धर्मभगिनी किंवा फादर अनुदानित महाविद्यालयात शिकवतात, सरकारी पगार त्यांच्या नावे निघतो आणि तो त्यांच्या संघाकडे जातो. त्यातून वसतिगृहे चालतात, गरीब मुलांच्या फी भरल्या जातात. या पगारावर उगमस्थानी करकपात करायची की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करायची, पगार तो पगार. निकाल कायद्याने योग्य असेल, मी वकील नाही. पण त्यामुळे ज्याचा कधी हिशेब मांडला जात नव्हता त्या दानाची रक्कम आयकराच्या कागदावर आली. शिवाय व्रत घेणारी माणसे आता कमी होत चालली आहेत. ज्या जागी पूर्वी सिस्टर होत्या तिथे घरसंसार असलेला प्राध्यापक येतो, त्याला पूर्ण पगार लागतो आणि लागायलाच हवा.

दाता आणि शिक्षक यांच्यानंतर औंध रस्त्यावर तुटीचा तिसरा धनी भेटतो, तो म्हणजे विद्यार्थी. ॲडव्हेंटिस्ट मंडळींच्या शिक्षणकल्पनेत पुस्तकाबरोबर हाताचे काम येतेच. स्पायसरमध्ये मुलांनी शेतात, बेकरीत, छपाईत काम करून फीचा काही भाग फेडायचा, अशी जुनी पद्धत. औंध-खडकीच्या कित्येक घरांत स्पायसरचा ब्राउन ब्रेड आणि पीनट बटर गेले, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत यांचा शब्बाथ असतो हेही गिऱ्हाइकांना तोंडपाठ झाले. पुण्याने या महाविद्यालयाला कदाचित सर्वांत प्रामाणिकपणे दिलेला पैसा तो हाच. पाव घेतला, दाम दिला. २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने संस्था विद्यापीठ झाली.

'कमवा आणि शिका' म्हटले की आपल्याला कर्मवीर आठवतात आणि ते योग्यच आहे. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शिवाजी महाविद्यालय काढले ते १९४७ साली. त्याच साली नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, डॉ. बी. पी. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय सुरू केले. एक बहुजन समाजाचा, एक मराठी ख्रिस्ती. दोघांपुढेही तोच प्रश्न होता की खेड्यातल्या मुलाने महाविद्यालयासाठी पुण्या-मुंबईला का जावे आणि कोणाच्या पैशाने. भाऊरावांच्या रयत संस्थेच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा बायका मिशन कंपाउंडांतही होत्या. त्यांच्यावर धडे निघाले नाहीत.

अहमदनगर महाविद्यालय माझ्या दृष्टीने लहान ख्रिस्ती महाविद्यालयाचा सर्वांत रास्त नमुना आहे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. महाविद्यालय निघाले ते स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, मराठी माणसाच्या हातून, आणि त्याच्या वर्गांत बहुसंख्य मुले हिंदू आणि मुसलमान. मग ते ख्रिस्ती कशाने? चॅपल आहे म्हणून, असे काही जण म्हणतील. मी म्हणेन, ते कोणासाठी तोटा सोसायला तयार होते त्यावरून.

स्वातंत्र्यानंतर तुटीचा चौथा धनी आला, तो म्हणजे शासन. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला, आणि संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदानात भेदभाव करता येणार नाही असेही त्यातच म्हटले. २८ व्या अनुच्छेदाने अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कोणालाही धर्मशिक्षणाला सक्तीने बसवता येणार नाही असे सांगितले. रमाबाईंच्या खोलीचे उघडे दार आणि पालकांचा राग, दोन्हींना जवळजवळ साठ वर्षांनी घटनेने जागा करून दिली. यायचे त्याने यावे, कोणाला ओढू नये. १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी आणि २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांनी या हक्काच्या सीमा आखल्या. हक्क भक्कम आहे. अडते ते पगारापाशी.

अनुदान म्हणजे मंजूर पदांचे पगार. पद मंजूर असते, माणूस निवृत्त होतो, जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही. मग तासिका तत्त्वावर शिक्षक नेमला जातो. नेट-सेट झालेला, कधी पीएच.डी. असलेला तिशी-पस्तिशीचा माणूस तासागणिक मानधनावर शिकवतो, तेही महिनोन्महिने उशिरा मिळणारे, आणि सुट्टीत शून्य. महाराष्ट्रातल्या सगळ्याच व्यवस्थापनांची ही गोष्ट आहे, ख्रिस्ती संस्था त्याला अपवाद नाहीत आणि असायला हव्या होत्या. आजची तूट हा तासिकेवरचा शिक्षक भरतो. गोखल्यांनी ७५ रुपयांवर सही केली तेव्हा आपण काय सोडतो आहोत ते त्यांना माहीत होते आणि वीस वर्षांनी प्रतिष्ठेने निवृत्त होता येणार होते. केरीने पगार खजिन्यात टाकला तो स्वतःच्या हाताने. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला कोणी विचारलेले नाही. त्याच्याकडून घेतलेले दान हे दान नाही, आणि त्याच्या वर्गाबाहेर सेवा, त्याग, समर्पण असे फलक लावलेले मला पाहवत नाहीत.

"मग ख्रिस्ती समाजाने का भरू नये?" असे कोणी विचारील. भरतो, जमेल तसा. उपासनेनंतर दशांशाची पाकिटे येतात, सुगीच्या सणाला धान्य, कोंबड्या आणि भोपळे आणून त्यांचा लिलाव होतो. बायबलमधल्या विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट आमच्याकडे लहान मुलालाही येते. पण नगर, जालना, सोलापूरकडचा मराठी ख्रिस्ती समाज मुख्यतः पूर्वाश्रमीच्या महार-मांग कुटुंबांतून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्त्यांना नाही. म्हणून एकाच वाड्यातल्या दोन चुलत भावांपैकी बौद्ध भावाच्या मुलीला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते आणि ख्रिस्ती भावाच्या मुलीला ती मिळत नाही. तिची फी कोण भरणार? तिच्या मंडळीकडे तेवढे पैसे नाहीत. लहान ख्रिस्ती महाविद्यालयाला हा खर्च टाळता येत नाही, आणि तो टाळला तर ते कशासाठी आहे हे मला सांगता येणार नाही.

राहिला परदेशी पैसा. त्याबद्दल पुण्यात दोन टोकांच्या दंतकथा आहेत. एक म्हणजे ख्रिस्ती संस्थांकडे डॉलरचे पोते आहे, दुसरी म्हणजे सगळे सरकारने अडवले. मुद्दा कायद्यात आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्त्या झाल्या. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत यायचा, एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, आणि प्रशासनावर पूर्वी निम्म्यापर्यंत खर्च करता येई तो आता वीस टक्क्यांपर्यंतच. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार प्रशासनात धरत नाहीत, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. पण मोठ्या चर्चसंस्थेने परदेशातून निधी आणून दहा लहान महाविद्यालयांना वाटायचा हा जुना रस्ता बंद झाला. आता प्रत्येकाने स्वतःची नोंदणी टिकवायची, पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे, त्यासाठी हिशेबनीस ठेवायचा. मोठ्यांना ते झेपते.

देशातल्या कंपन्यांचा सामाजिक निधी? २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्चायची, आणि शिक्षण त्यात येते. पण कायमनिधीत घातलेली देणगी २०२१ पासून त्या खर्चात धरली जात नाही. त्यामुळे कंपनी संगणककक्ष देते, सौरपट्ट्या देते, फीत कापते, फोटो काढते. संगणक शिकवणाऱ्याचा पगार ती देत नाही. धर्मशिक्षण देणाऱ्या सेमिनरीला तर हे दारच नाही, शिवाय एका धर्मसमाजासाठीच्या संस्थेच्या देणगीवर आयकरात '८० जी'ची सवलत मिळत नाही. आणि नवी करपद्धती घेतलेल्या नोकरदाराला ती सवलत अशीही उरलेली नाही.

मग उरते जमीन. मिशन कंपाउंड म्हटले की बिल्डरच्या डोळ्यांपुढे चटईक्षेत्र उभे राहते. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायला १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे ठीकच आहे. पण विकून पगार देणे म्हणजे बियाणे दळून भाकरी करणे. जमीन भाडेपट्ट्याने द्यावी, तीही थोडी, आणि त्या भाड्यावर शिक्षकांच्या पगाराखेरीज दुसऱ्या कशाचाही हक्क नसावा, असा ठराव न्यासाच्या घटनेत घालावा. रमाबाईंची फळबाग म्हणजे दुसरे काय होते? त्यांना दुष्काळाने करू दिले नाही, आपल्याला कोणता दुष्काळ आडवा येतो?

लहान ख्रिस्ती महाविद्यालयाला आज इमारत नको आहे. इमारती पुरेशा आहेत, काही तर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त. त्याला हवा आहे पगाराचा कायमनिधी, ज्याच्या व्याजातून तासिकेवरच्या माणसाला महिन्याच्या पहिल्या तारखेला पुरा पगार मिळेल आणि शिष्यवृत्तीबाहेर राहिलेल्या मुलीची फी भरली जाईल. हा निधी मागणे अवघड आहे कारण त्यावर पाटी लावता येत नाही. दात्याचे नाव वर्गखोलीवर कोरता येते, मराठीच्या प्राध्यापकाच्या पाठीवर कसे कोरणार? म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वर्षाचा जमाखर्च मराठीत छापावा आणि त्यात एक रकाना जास्त घालावा. नियमाप्रमाणे किती पगार द्यायला हवा होता, प्रत्यक्षात किती दिला, आणि फरक कोणी सोसला. व्रतस्थांनी किती, विद्यार्थ्यांच्या कष्टांनी किती, तासिकेवरच्यांनी किती. हा रकाना भरताना नियामक मंडळाच्या बैठकीत जी शांतता पसरेल ती मला कल्पनेनेही ऐकू येते.

शेवटी एक प्रश्न तुमच्यातले कोणी विचारतील म्हणून मीच घेतो. पुण्यातल्या हिंदू गृहस्थाने ख्रिस्ती महाविद्यालयाला पैसे का द्यावेत? सेमिनरीला देऊ नयेत. पाळक घडवणे हे मंडळ्यांचे काम आहे, त्याचा भार मंडळ्यांनीच घ्यावा, आणि तसे सेमिनरीने उघड सांगावे. कला-वाणिज्य-विज्ञानाच्या महाविद्यालयाचे तसे नाही. तिथे तुमची मुले शिकली, तुमच्या घरातल्या पहिल्या पदवीधर बाईचे नाव कदाचित तिथल्या हजेरीपटावर आहे. तिथे देणगी मागायला आलेल्या प्राचार्यांना चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. प्रार्थनेचा तास सक्तीचा आहे का? तासिकेवर किती जण आहेत आणि त्यांचा गेल्या महिन्याचा पगार झाला का? शिष्यवृत्ती न मिळणाऱ्या किती मुलांची फी तुम्ही भरता? पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि तिसऱ्याचे उत्तर एखादा आकडा असेल, तर दुसऱ्याचे उत्तर बदलण्यासाठी चेक फाडा. उत्तराऐवजी नव्या सभागृहाचा आराखडा पुढे आला, तर चहा संपवून त्यांना दारापर्यंत सोडायला जा.